रिकाम्या पोटी

"ताई, हे तं धुतल्या वाटीवानी साफ हाय!"

देवरावकाका माझ्या खांद्यावरून वाकून भिंगात बघत होते. टेबलावर मेणाच्या दोन पाट्या होत्या, तिसरी बाजूला सरकवलेली. प्रत्येक पाटीवर उंदरांची सहा-सहा जठरं उघडून, धुऊन, टाचण्या मारून पसरली होती. एकेक जठर पिंपळाच्या कोवळ्या पानाएवढं. डाव्या पाटीवरच्या जठरांवर काळपट लाल रेघा होत्या, ठिपके होते, एका ठिकाणी तर आरपार जाईल इतकी खोल जखम होती. उजव्या पाटीवरची सहा गुलाबी आणि गुळगुळीत होती.

"सहाच्या सहा," मी म्हणाले.

"म्हंजे औषध लागून रायलं?"

"लागतंय, काका. तुम्हीच बघा ना."

मी भिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते एकेका जठरावर धरलं. कुणी काही शिकवत असल्यासारखे ते मान हलवत होते. मी खुर्चीवर बसले. सकाळी नऊपासून उभी होते, पायांत गोळे आले होते आणि ओढणीला ईथरचा वास लागला होता. दीड वर्षात पहिल्यांदा माझं काहीतरी जमलं होतं.

ही २००१ सालची गोष्ट. यवतमाळकडच्या एका फार्मसी कॉलेजात मी एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला होते. प्रबंधाचा विषय साधा होता. सांधेदुखीच्या गोळ्या फार दिवस घेतल्या की जठराला जखमा होतात, अल्सर होतो. आमच्या भागातली माणसं पोटात आग पडली की एका झाडाची साल उकळून पितात. त्या सालीचा अर्क आधी दिला तर गोळीने होणारा अल्सर टळतो का, हे उंदरांवर तपासायचं होतं. झाडाचं नाव मी सांगत नाही. झाडाचा काही दोष नव्हता.

प्रयोगाला अठरा पांढरे उंदीर होते, सहा-सहाचे तीन गट. एका गटाला नुसतं पाणी, दुसऱ्याला अल्सरचं नेहमीचं औषध, तिसऱ्याला सालीचा अर्क. अर्ध्या तासाने तिन्ही गटांना सांधेदुखीचं औषध मोठ्या मात्रेत द्यायचं, सहा तास थांबायचं, मग त्यांना बेशुद्ध करून मारायचं आणि जठर उघडून जखमा मोजायच्या. त्याआधी अठरा तास त्यांना उपाशी ठेवायचं. पोटात अन्न असलं की ते औषध जठराला नीट लागत नाही, जखमा होतच नाहीत. सगळा प्रयोग त्या उपवासावर उभा.

देवराव कुळमेथे प्राणिगृहाचे परिचर होते. वय पंचावन्नच्या पुढे, रिटायर व्हायला तीन वर्षं राहिलेली. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, खाणं घालायचं, ही कामं ते वीस वर्षं करत आले होते. खालच्या रांगेतल्या पिंजऱ्यांशी वाकून वाकून त्यांचे गुडघे गेले होते. खाली बसले की उठताना फडताळाला धरून, "आई गं," म्हणत उठायचे.

अर्काच्या प्रयोगाआधी आम्ही चार उंदरांवर नुसत्या सांधेदुखीच्या औषधाची चाचणी घेतली होती. जठरं उघडली तेव्हा देवरावकाका तिथेच भुसा भरत होते.

"हे कायनं झालं वं?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना औषधाची डबी दाखवली. त्यांनी खिशातून गोळ्यांची अर्धी पट्टी काढून माझ्यापुढे धरली. "पाहा बरं. हेच हाय का?"

तेच होतं. दुकानातून स्वतःच आणून ते सहा वर्षं रोज खात होते.

"काका, बंद करा हे. दवाखान्यात दाखवा. पोट दुखतं का तुमचं?"

"पोट तं सगळ्याईचंच दुखते," ते म्हणाले. पण पट्टी त्यांनी तिथेच कचऱ्याच्या डब्यात टाकली. त्यानंतर दीड महिना त्यांनी गोळी घेतली नाही. त्यांना चालताना बघवत नव्हतं. पाण्याची बादली उचलून चार पावलं टाकायची, ठेवायची, पुन्हा उचलायची. मी म्हटलं, मी उचलते, तर म्हणायचे, "तुमी तुमचं लिवा, ताई."

अर्काच्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी दुपारी मी उपवास सुरू केला. पिंजऱ्यांमधलं खाणं काढलं, पाणी तेवढं ठेवलं. तिसऱ्या गटाच्या पाठीवर पिवळ्या रंगाची खूण होती. देवरावकाका बघत होते.

"अठरा तास उपाशी? आन् वरून याईले ते कडू पाजसान?"

"तसंच करावं लागतं."

"माणसाले तं डॉक्टर सांगते, काही खाऊन गोळी घ्या."

"ही माणसं नाहीत ना, काका."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तेव्हा त्यांचं झाडून झालं होतं. प्राणिगृहाच्या किल्ल्या त्यांच्याकडे असायच्या, सातलाच यायचे.

दुपारी एकेक जठर उघडताना तिसऱ्या गटात एक गोष्ट झाली. पहिलंच जठर कापलं तर आत दह्याच्या कवडीसारखं पांढरं, मऊ काहीतरी होतं, आणि त्यात तपकिरी कण. दुसऱ्यातही थोडं होतं. तिसऱ्यात नव्हतं, चौथ्यात होतं. मी पिचकारीने सलाईन सोडलं, जठर धुतलं, पसरलं. खाली गुलाबी, स्वच्छ अस्तर. सलाईनने धुणं पद्धतीतच असतं. मी वहीत जखमांचे आकडे लिहिले: शून्य, शून्य, शून्य, शून्य, शून्य, शून्य.

आमचे मार्गदर्शक, पिंपळखुटे सर, पाच वाजता आले. उंच, वाकलेले, शर्टाच्या खिशाला कायम शाईचा डाग. त्यांनी दोन्ही पाट्या दोन-दोनदा बघितल्या. मग म्हणाले, "ज्योत्स्ना, इतकं चांगलं मी माझ्या पीएच.डी.तही पाहिलं नव्हतं. परिषदेसाठी गोषवारा लिहायला घे. शुक्रवारी पाठवू."

शुक्रवारी आम्ही तो पाठवला.

चार आठवडे चांगले गेले. मी आकडे मांडले, आलेख काढले. देवरावकाकांची चाल सुधारली होती. बादली एका दमात नळापासून पिंजऱ्यापर्यंत जायची. मी एकदा म्हटलंही, "काका, गुडघ्यांना आराम दिसतोय."

"हाव ना," ते हसले. "जमलं काहीतरी."

मी पुढे विचारलं नाही.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी दहाच्या सुमारास मी प्राणिगृहात गेले तर नळ चालू होता आणि मोरीपाशी देवरावकाका भिंतीला टेकून बसले होते. समोर ओकारी पडली होती. कॉफीच्या चोथ्यासारखी काळी, मध्ये लाल. चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता.

"चक्कर आली, ताई," ते म्हणाले. "मी पुसतो हे."

मी ओरडून वॉचमनला बोलावलं. रिक्षात त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ते पुन्हा पुन्हा सांगत होते की पाच नंबरच्या पिंजऱ्याला पाणी घालायचं राहिलं आहे.

त्याच दिवशी ऑपरेशन झालं. जठराच्या जखमेतली एक रक्तवाहिनी फुटली होती. चार बाटल्या रक्त लागलं. त्यांची बायको, गिरजाबाई, वॉर्डाच्या बाहेर जमिनीवर बसून होत्या. मी शेजारी बसले तर त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "रोज साल उकळून पेत होता. म्या म्हणलं, कायले पेतं? म्हणे, कॉलेजात तपासेल हाय. वरून ते गुडघ्याची गोळी. दिवसातून दोन दोन."

"गोळी? ती तर बंद केली होती त्यांनी."

"केली होती. मंग पुना सुरू केली. म्हणे आता भेव नाई, साल पेली का पोटाले काई होत नाई. मी आपल्या डोयानं पायलं, म्हणे."

कॉलेजच्या स्टोअरमध्ये सालीचं अर्धं पोतं पडून होतं. त्यातलं किती कमी झालं, हे मी कधी तोलून बघितलं नव्हतं.

चौथ्या दिवशी ते बोलण्याइतपत झाले. नाकात नळी होती. मला बघून त्यांनी हात थोडा उचलला.

"काका, हे काय केलंत? ते अजून माणसांसाठी नाही म्हणून सांगितलं होतं ना मी?"

"मी तं बरोब्बर तसंच घेतलं, ताई," ते हळू आवाजात म्हणाले. "तुमच्या उंदराईले देल्लं तसंच. आगोदर दूध-पाव. मंग सालीचं पाणी. मंग गोळी. तरी माहं काहून असं झालं?"

"कसला दूध-पाव?"

"त्या सहा जणाईले. पिवळ्या खुणीच्या. सकाळी देल्लता ना मी, तुमी याच्या आगोदर. थोडुसाच, बोटभर." ते दम घ्यायला थांबले. "बाकीच्याईले तं पाणीच होतं, आन् ते दुसरं औषध कडू नोतं. पण साल लय कडू. असं कडू रिकाम्या पोटी कोन पाजते? जीव हाय तो."

मी खाटेची कड धरली. गिरजाबाई कोपऱ्यात फडकं पिळत होत्या.

"चुकलं का माहं काई?" त्यांनी विचारलं.

"नाही, काका," मी म्हणाले. "तुम्ही झोपा."

दवाखान्यातून कॉलेजपर्यंत मी चालत आले, तीन किलोमीटर. सर त्यांच्या खोलीत होते. परिषदेचं स्वीकृतीपत्र त्यांच्या टेबलावर होतं, त्या सकाळीच आलेलं. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. अर्काने काही केलं नव्हतं. पोटात अन्न होतं म्हणून जखमा झाल्या नव्हत्या.

सरांनी चष्मा काढला. "देवराव गुंगीत काही बोलला असेल. खात्री आहे का तुला? जठर उघडताना अन्न दिसायला हवं होतं."

आता एकच शब्द पुरला असता. नव्हतं, म्हटलं असतं तर सरांनी पुढे विचारलं नसतं, त्यांनाही ते नको होतं. माणूस भ्रमात बोलतो, लिहिलेले आकडे लिहिलेले असतात.

"दिसलं होतं, सर."

"काय?"

"चार जठरांमध्ये पांढरं होतं. दुधाचं. मी धुऊन टाकलं. वहीत लिहिलं नाही."

"का?"

"पहिलं उघडलं तेव्हा वाटलं, लिहावं. मग धुतल्यावर खाली इतकं स्वच्छ निघालं, सर. वाटलं, लिहिलं तर हा उंदीर बाद होईल. मग दुसरा. मग मी बघायचंच सोडलं."

खिडकीतून वर्गांच्या घंटेचा आवाज आला. मुलं जिन्यावरून धडधडत उतरली. सरांनी स्वीकृतीपत्र घडी घालून पाकिटात ठेवलं.

"मीही त्या पाट्या बघितल्या होत्या," ते म्हणाले. "सहाच्या सहा स्वच्छ. पंचवीस वर्षं हे काम करतोय. असं कधी होत नाही, हे मला कळत होतं. मी विचारलं नाही." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "गोषवारा मागे घ्यावा लागेल, प्रयोग परत करावा लागेल. प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीला कारण कळवावं लागेल. मी लिहितो, उपवासावर देखरेख अपुरी पडली. देवरावचं नाव लिहीत नाही. चौकशी बसली तर त्याचं निवृत्तिवेतन अडकेल."

"हो सर."

"आणि आणखी अठरा उंदीर लागतील."

"हो."

"देवरावला तू काय सांगणार आहेस?"

"सांगीन, सर."

मी सांगितलं नाही. डिसेंबरात मी त्यांना भेटायला दोनदा गेले, जानेवारीत एकदा. दर वेळी त्यांच्या अंगणात बसून चहा घेतला आणि उठले. आज इतकी वर्षं मी मुलांना शिकवते, त्यांच्या वह्या तपासते, पण त्या तीन चहांएवढं अवघड मला काही गेलेलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी देवरावकाका कामावर आले. अर्धे राहिले होते. शर्टाच्या आत हाडं हलताना दिसायची. दोन-दोन तासांनी थोडं थोडं खायला डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून एक छोटा डबा कायम जवळ असायचा. प्राणिगृहाच्या दारावर सरांनी नोटीस लावली होती: उपवासाच्या काळात प्राण्यांना कोणीही अन्न देऊ नये. काकांनी ती उभं राहून पूर्ण वाचली, मग आत गेले.

मार्चमध्ये दुसरा प्रयोग झाला. या वेळी सकाळी सहालाच मी पिंजऱ्यांसमोर स्टूल टाकून बसले. काका सातला आले. त्यांनी स्टुलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि झाडू घेऊन पलीकडच्या खोलीत गेले. जठरं उघडून होईपर्यंत ते या खोलीत आले नाहीत.

दुपारी मी एकेक जठर उघडलं. धुण्याआधी आत काय आहे ते लिहिलं. सगळी रिकामी होती. नेहमीच्या औषधाच्या गटात जखमा कमी होत्या. उरलेल्या दोन्ही पाट्यांवर काळ्या-लाल रेघा होत्या. मी आकडे लिहिले, पुन्हा मोजले, पुन्हा तेच आले.

"पाहू का?"

देवरावकाका दारात उभे होते. मी भिंग पुढे केलं. ते आले, टेबलाला धरून वाकले आणि आधी डावी, मग उजवी पाटी बघितली.

"यातले सालवाले कोन्ते?"

"उजवीकडचे."

त्यांनी पुन्हा बघितलं. "सारखेच दिसून रायले."

"सारखेच आहेत, काका."

"मंग मी महिनाभर काय पेलो?"

मी भिंगाकडे बघत बोलायला सुरुवात केली, कारण त्यांच्याकडे बघून जमलं नसतं. दूध-पाव पोटात होता म्हणून त्या सहांना जखमा झाल्या नाहीत, ते सांगितलं.

"ते समजलं मले," ते म्हणाले. "नोटीस लागली तवाच समजलं. माह्या पावानं तुमचं काम बिघडलं. तुमी मोठ्या मनाच्या, बोलल्या नाई."

"नाही, काका. ऐका. तो पाव मला दिसला होता. त्याच दिवशी, जठर उघडलं तेव्हा. तुम्ही दवाखान्यात सांगायच्या कितीतरी आधी. मी पाण्याने धुऊन टाकला आणि कुणाला बोलले नाही. आणि नंतर तुम्हाला म्हटलं, औषध लागतंय, बघा."

ते सरळ उभे राहिले. त्यांना वेळ लागला.

"तुमाले दिसलं होतं."

"हो."

"मी इथंच उभा होतो."

"हो."

बाजूच्या खोलीत उंदरांची खुडबुड चालू होती. काकांनी पोटावर हात ठेवला, टाक्यांच्या जागी, शर्टावरूनच.

"चार महिने गिरजा मले म्हणून रायली, तुह्याच हातानं केलं तू," ते म्हणाले. "मलेबी तेच वाटे. रोज वाटे." त्यांनी पोटावरचा हात काढला. "तुमी सांगतलं नसतं तं मले कधीच समजलं नसतं."

"नसतं समजलं."

"मंग कायले सांगतलं?"

क्षमा मागायची म्हणून मी वाक्यं ठरवून ठेवली होती, तीन महिन्यांची. त्यातलं एकही या प्रश्नाला लागू पडत नव्हतं.

"माहीत नाही, काका."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. चार वाजून गेले होते. ते खिडकीपाशी गेले, स्टुलावर बसले आणि डबा उघडला. त्यात मऊ भात होता, त्यावर थोडं ताक. माझ्याकडे पाठ करून ते जेवू लागले. एकेक घास नीट चावून, घाई न करता, डॉक्टरांनी सांगितल्यासारखं. मी टेबलापाशी तशीच उभी राहिले. जाणं बरं दिसलं नसतं, आणि थांबायला त्यांनी सांगितलं नव्हतं.

जेवण झाल्यावर त्यांनी डबा धुतला, झाकण घट्ट लावलं, हात पँटला पुसले.

"चला," ते म्हणाले. "अठरा पिंजरे धुवाचे हायेत. वरचे मी घेतो. खालचे तुमी घ्या, माह्यानं वाकवत नाई."